अंतरपाटाचा फोटो

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सीतापुऱ्यात गेलो होतो. रविवारी ऑफिसच्या भागात कोण शहाणा जातो? मी जातो. एरवी जिथे बसमधून आणि स्कूटरवरून माणसांचा लोंढा उतरतो, तिथे रविवारी चिटपाखरू नसतं. बसथांब्याचा बाक, त्यावर तिरपं ऊन, मागे कारखान्याचं बंद फाटक. ही फ्रेम केव्हापासून डोक्यात होती. आज नेमका एक म्हातारा बाकावर येऊन बसला. बस नाही, काही नाही, नुसताच बसला. तो उठायची वाट बघत मी स्कूटरला टेकून उभा. उठला तोवर ऊन वर आलं होतं. तरी फोटो बरा आलाय.

डायरी लिहायला घेतली कारण एक निर्णय घ्यायचाय आणि बोलायला कोणी नाही. म्हणजे माणसं आहेत की. ऑफिसात अख्खी टीम आहे. इथे जयपुरात मानसरोवर भागात राहतो, तिथे खालच्या मजल्यावर घरमालक आहेत. भाजीवाला मला 'मराठी सर' म्हणतो. पण बोलणं ज्याला म्हणावं ते होत नाही. मराठी तर फक्त आईशी फोनवर. परवा 'किल्ली' शब्द आठवेना, 'चाबी, चाबी' करत खिसे चाचपत होतो.

तर निर्णय असा. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमाचे फोटो काढायला पवनजी म्हणून एक जण आले होते. जयपुरात लग्नांचे फोटो काढतात, मोठी कामं घेतात. जिन्यात आमचं कॅलेंडर लावलंय, त्यातले बाराही फोटो माझे. ते बघून मला शोधत माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "निलयजी, ये हॉबी है कि काम करना है?" नोकरी सोडून त्यांच्याकडे या, असं थेट. नोव्हेंबरअखेर सांगा, म्हणजे तुमची नोटीस संपेपर्यंत नव्या वर्षाचे सावे येतील. सावे म्हणजे यांचे लग्नाचे मुहूर्त.

मी उगाच भाव खाऊन "सोचता हूँ" म्हटलं. आतून मात्र उड्या मारत होतो. जाताना ते कॅलेंडरपाशी परत थांबले आणि म्हणाले, "बस एक बात. इनमें आदमी कहाँ है?"

बारा फोटोंत एकही माणूस नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण त्यात काय बिघडलं? माणसं फ्रेम घाण करतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आईला बाकाचा फोटो पाठवला होता. आज कराडहून फोन.

"बघितला फोटो. छान हाय. पण तू कुठं हायस यात?"

"आई, मी काढतोय ना. मग मी कसा असेन?"

"मोकळा बाक कशाला काढायचा पण?"

मी ऊन, सावली, रिकामेपणा असलं काहीतरी समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलास का?"

आमचा प्रत्येक फोन या प्रश्नावर येऊन बसतो. मी जेवलो नसलो तरी जेवलो म्हणतो. आईला कलेतलं काही कळत नाही, आणि ते ठीकच आहे. पण नोकरी सोडतो म्हटलं तर काय होईल याचा अंदाज येईना, म्हणून पवनजींचा विषयच काढला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पवनजी म्हणाले, आधी एक दिवस बरोबर चला. जवाहर सर्कलच्या त्या रंगीत गेटपाशी पहाटे पोचलो तर बघतो काय, लग्न ठरलेल्या जोड्यांची फोटोसाठी रांग लागलेली! प्रत्येकीचा झगा जमिनीवर लोळतोय, तो उचलायला एकेक भाऊ किंवा मैत्रीण. एक जोडी हातात हात घेऊन फिरते, कमानीखाली गोल गिरकी होते, की पुढची जोडी. कोकणातल्या एसटीत जागा धरावी तशी लोकांनी कमान धरून ठेवलेली.

पवनजी माणसांशी काय बोलतात! नवरदेवाला म्हणाले, "भाईसाहब, पेट अंदर, प्यार बाहर." दोघं खळखळून हसली आणि यांनी टिपलं. मग मला म्हणाले, आता तुम्ही हसवा. मी म्हटलं, "थोड़ा मुस्कुराइए." त्यांनी दात दाखवले. तो फोटो बघून मलाच दातांच्या डॉक्टरची आठवण झाली.

मग मी मागे सरकलो आणि सवयीनं कमान रिकामी व्हायची वाट बघत बसलो. पवनजी म्हणाले, "ख़ाली नहीं होगी सर. यह जयपुर है, सीज़न है."

परत येताना विचार करत होतो. हे काम घेतलं तर दिवसभर कॅमेरा हातात. ऑफिसात एक्सेलमध्ये जे आयुष्य चाललंय त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. पण मग सीतापुऱ्याचं रविवारचं ऊन कोण बघणार? आत्ता मला कोणाला खूश करायचं नसतं. तेवढा वेळ माझा असतो. तोच विकला तर उरेल काय माझ्याकडे? आणि नाही विकला तरी काय आहे? हार्ड डिस्कवर पडून असलेले रिकामे बाक.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीला गेलो नाही. आईला तिकीट मिळालं नाही असं सांगितलं. खरं तर काढलंच नव्हतं. जुन्या शहरातली रोषणाई टिपायची असं मनाशी ठरवलं होतं.

काल संध्याकाळी जोहरी बाजारात गेलो. सगळी दुकानं एकाच रंगात न्हालेली, डोळे दिपतात. आणि गर्दी! बायका, पोरं, म्हातारे, नवे कपडे, ज्याच्यात्याच्या हातात मिठाईचा डबा. धक्के खात फोटो काढले. माणसं येऊ नयेत म्हणून कॅमेरा वर धरून फक्त छज्जे आणि दिवे घेतले. पुष्कळ चांगले आलेत. खोलीवर येऊन लॅपटॉपवर उघडले आणि दाखवायला मान वळवली. कोणाला दाखवणार होतो देव जाणे.

आईनं पाठवलेल्या फराळाच्या खोक्यात चकल्यांचा पार भुगा झाला होता. तो चिवड्यात मिसळून वाटीभर खाल्ला. खालच्या घरमालकीणबाईंनी मठरी पाठवली. ती देऊन मुलगी जिना उतरून गेली तेव्हा खूप एकटं वाटलं. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मिलिटरी स्टेशनला पोहे खाऊन आलो. झालं असं की गणपतीत महाराष्ट्र मंडळात मी फोटो काढले होते (मूर्तीचे, आरासीचे), ते तिथल्या एका विभाकाकूंनी पाहिले आणि नंबर मिळवून फोन केला. यजमान सुभेदार उमाकांत कदम, मूळचे साताऱ्याकडचे. थोरली मुलगी प्रणाली इथेच बँकेत आहे. तिचं लग्न तेवीस तारखेला इथल्याच हॉलमध्ये. पाहुणे साताऱ्याहून रेल्वेनं येणार.

काकू म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या शिंद्यांच्या पोरीचं लग्न झालं इथं. फोटोवाले इकडचेच. मंगलाष्टकं चालू झाली तर ते आपले तिकडं कोपऱ्यात लाइट लावत बसलेले. मतलब त्यांना वाटलं भजन चाललंय! अंतरपाट कधी खाली आला ते कळलंच नाही त्यांना. अख्ख्या अल्बममध्ये तोच फोटो नाही. पोरीची आई अजून रडती. म्हणून म्हटलं, आपला माणूस पाहिजे. तुमचा नाही चुकायचा."

"नाही चुकणार," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी बऱ्याच दिवसांत काही बोललो नव्हतो.

धाकटी सावनी कॉलेजात आहे, सगळं बालपण छावण्यांमध्ये गेलेलं. तिचं मराठी अडखळत येतं. "दादा, तुम्ही और पोहे घेणार?" तिला आईनं टपली मारली, "अजून म्हण, अजून." मी अजून घेतले. दोनदा.

पवनजींना सांगितलं तर म्हणाले, "बढ़िया. यह शादी अकेले करके देख लो. फिर मुझे जवाब देना." म्हणजे आता सगळं याच्यावर. लग्न नीट पार पडलं तर सोमवारी राजीनामा.

१६ नोव्हेंबर, रविवार

हॉल बघून आलो. खिडक्या पश्चिमेला, मुहूर्त गोरज. बोहल्याच्या डाव्या अंगाला गुडघा टेकून बसायचं, म्हणजे अंतरपाट खाली येताना दोघांचे चेहरे एकदम मिळतील.

खोलीत सरावही केला. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चादर टाकली, एका हातानं ओढायची आणि दुसऱ्यानं बटण दाबायचं. चादर पडते त्या क्षणी. पन्नासेक वेळा केलं असेल. चादरीमागे पाण्याचा माठ ठेवला होता, नवरी म्हणून. शेवटी शेवटी माठसुद्धा लाजल्यासारखा दिसायला लागला.

राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. दोन ओळींचा. रोज एकदा उघडून वाचतो आणि परत बंद करतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हळद. क्वार्टरच्या मागच्या अंगणात मांडव घातला होता. साताऱ्याचे पाहुणे कालच आलेत. इतकं मराठी एकदम कानावर पडलं की पहिल्यांदा गांगरलोच. जो तो जवळून जाताना म्हणत होता, "चला फोटोवाले, च्या घ्या." मी म्हणत होतो, "नंतर, नंतर." कामात आहे म्हटलं की माणसं मान देतात आणि नाद सोडतात. ही युक्ती मला ऑफिसातून माहीत आहे.

एकाच बाईनं नाद सोडला नाही. आक्काबाई, नवरीची आत्या. ठेंगणी, नऊवारी, आवाज परेड ग्राउंडवर चालेल असा.

"कुणाचा रं तू?"

"मी फोटोवाला."

"ते दिसतंय. पर कुणाचा?"

मी कराडचा म्हटल्यावर त्यांनी आडनाव विचारलं, मग आईचं माहेर विचारलं. शेवटी कुठल्यातरी मसूरच्या साळुंख्यांपाशी येऊन आमचं नातं पोचतं असं जाहीर केलं. मला ते पटलं नाही पण मी वाद घातला नाही. मग त्यांनी वाटीत बोट बुडवून माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. मी पहिल्यांदा लेन्स पुसली. गाल पुसायचे राहूनच गेले. घरमालकीणबाईंनी जिन्यात विचारलं, "भैया, किसकी शादी है, आपकी?"

फोटो उत्तम आलेत. उद्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

अंतरपाटाचा फोटो नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसला गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही.

लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. राघवची, म्हणजे नवरदेवाची, मिरवणूक झाली, ते फोटो झाले. प्रणालीला मामा बोहल्यावर घेऊन आला, तेही झाले. मी डाव्या अंगाला गुडघा टेकून बसलो. अंतरपाट धरला. करवल्या अक्षता वाटत फिरत होत्या. मागून आक्काबाईंचा हात आला, त्यांनी माझी डावी मूठ उघडली, त्यात अक्षता घातल्या, मूठ बंद केली आणि दंडाला धरून मला उभं केलं. "गुडघ्यावर काय बसतोस, हुबा ऱ्हा." मी उभा राहिलो. म्हटलं, उभ्यानंही कोन चांगला मिळतोय.

मग मंगलाष्टकं सुरू झाली. कोणीतरी मावशी म्हणत होत्या. सूर कधीच सुटला होता, पण काय जोर! पहिल्या 'सावधान'ला सगळ्यांनी अक्षता टाकल्या, माझ्या डोक्यावर, कॅमेऱ्यावर, शर्टात. मी टाकल्या नाहीत. दुसऱ्याला चार दाणे टाकले. उगाच, मूठ जरा हलकी व्हावी म्हणून. नंतर एका काकांनी स्वतः रचलेलं कडवं म्हटलं, त्यात यमकासाठी 'जयपूर'ला 'हुरहूर' जोडलं होतं, आणि सगळा हॉल हसला. मीही हसलो. त्या कडव्याच्या शेवटी मी पण सगळ्यांबरोबर 'सावधान' ओरडलो असणार, कारण आज घसा बसलाय.

पुढचं मला नीट आठवत नाही. म्हणजे सगळं आठवतं, फक्त त्यात कॅमेरा आठवत नाही. ताशे एकदम वाजले, मी उरलेल्या सगळ्या अक्षता उडवल्या आणि टाळ्या वाजवायला लागलो. दोन्ही हातांनी! टाळ्या वाजवताना हाताला काही अडत नाही हे लक्षात आलं तेव्हा कॅमेरा पोटावर लोंबत होता, अंतरपाट भटजींच्या खांद्यावर गेला होता आणि प्रणाली राघवच्या गळ्यात हार घालत होती.

हार मिळाला. सप्तपदी मिळाली. पाठवणीला सुभेदारसाहेबांचे डोळे मिळाले, तो तर माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो असेल. पण ज्यासाठी मला बोलावलं होतं तेवढंच नाही.

निघताना मीच सांगितलं. विभाकाकू हातात लाडवांचा पुडा घेऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "तुम्हाला त्यासाठीच बोलावलं होतं हो," एवढंच म्हणाल्या, आणि पुडा माझ्या हातात देऊन आत गेल्या. सुभेदारसाहेब म्हणाले, "चुकलं ते चुकलं. स्वतः येऊन रिपोर्ट केलंत ते बरं केलंत." ते तरी ओरडायला हवे होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

चादर आणि माठाबरोबर एकदाही चुकलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पवनजींना सांगितलं. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "तो दोबारा पकड़वा देते कपड़ा! पाँच मिनट का काम था. दूल्हा-दुल्हन वहीं खड़े थे."

अंतरपाट परत धरायचा? म्हणजे एकदा लग्न लागल्यावर? हे मला सुचलंसुद्धा नाही, आणि सुचलं असतं तरी मी आक्काबाईंसमोर तोंड उघडलं नसतं.

"सर," ते म्हणाले, "हम शादी में खाना भी सबसे आख़िर में खाते हैं. चावल आप फेंकोगे तो फ़ोटो कौन खींचेगा?" आणि पुढे म्हणाले, "एक ग़लती सबको माफ़ है. फ़ोटो देखे मैंने. इस बार आदमी हैं. बहुत अच्छे हैं. अब बोलो."

म्हणजे दार अजून उघडं आहे. मला वाटलं होतं त्यांच्याकडूनच नकार येईल आणि मी सुटेन.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सीतापुऱ्याला जायला निघालो आणि अर्ध्या वाटेतूनच परत आलो. मूड नव्हता.

दुपारी सावनीचा मेसेज. 'दादा, माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो भेटला. अंतरपाटचा. थोडा हिल गया है. आई बोलली अल्बममध्ये चालेल का बघा. तुम्ही पण आलात त्यात, तर कट करू शकता.'

उघडला. फोटो म्हणून बघितला तर काही खरं नाही. हललेला आहे, तिरका आहे, मागच्या दिव्यानं निम्मा भाग पांढराफटक. अंतरपाट अर्धा खाली आलाय. प्रणालीचे डोळे वर उचललेले, राघवचं नाक आणि मुंडावळ्या. हवेत तांदूळ. आणि उजव्या बाजूला एक माणूस. हात वर, तोंड आ वासलेलं, गळ्यात कॅमेरा लोंबतोय, गालाला आदल्या दिवशीची हळद. शेजारी आक्काबाईंनी त्याचा दंड अजून धरून ठेवलेला.

तो मी आहे हे समजायला क्षणभर लागला. जयपूरला आल्यापासून माझा एकही फोटो नाही. ओळखपत्रावरचा सोडून, आणि त्यात मी मेल्यासारखा दिसतो.

अल्बमसाठी कापायला बसलो. मला कापलं की आक्काबाईंचा हात अर्धवट तुटतो. आक्काबाईंनाही कापलं तर नवरी अगदी कडेला जाते आणि तांदूळही जातात. वरून कापून बघितलं, खालून कापून बघितलं. माझं कामच आहे हे, नको असलेलं फ्रेमबाहेर काढणं. आज जमेना. संध्याकाळपर्यंत बसलो होतो. शेवटी रंग थोडे नीट केले आणि आहे तसाच ठेवला. काकू काय म्हणतील ते म्हणोत.

पवनजींना नाही म्हणून कळवलं. त्यांना कारण दिलं की रविवार जातील. त्यांनी विचारलं, "संडे को करते क्या हो?" खरं कारण मलाच धड माहीत नाही. लग्नात शेवटी जेवायचं, हे काही मोठं नाही. मी तर रोजच एकटा जेवतो. पण माझ्या मुठीत परत कोणी अक्षता घातल्या तर त्या खाली ठेवून कॅमेरा उचलायचा, हे मला जमणार नाही असं वाटतं. धंद्याला हे चालत नाही. राजीनामा ड्राफ्टमधून काढून टाकला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट एक मोठी गोष्ट हातची गेली, असंच दिवसभर वाटत होतं.

७ डिसेंबर, रविवार

अल्बम पोचवला. काकूंनी अंतरपाटाच्या पानावर बराच वेळ बोट ठेवलं. "तुम्ही काढला असता तर केवढा छान आला असता," म्हणाल्या. ते खरं आहे आणि ते मला जन्मभर लागून राहणार. मग म्हणाल्या, "आक्काबाईंना मोबाइलवर दाखवला. त्या म्हणाल्या, त्या साळुंख्यांच्या पोराला कापू नका." आमचं आडनाव साळुंखे नाही, पण हे आता आक्काबाईंना कोण सांगणार?

खोलीवर येऊन तो फोटो आईला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. हललेला फोटो मी कोणाला पाठवण्याची ही पहिलीच वेळ. पाठवल्यावर लाज वाटली, आता तिला समजावत बसावं लागणार, की हा माझा नाही, दुसऱ्या कोणीतरी काढलाय.

लगेच फोन आला. उचलला तर पलीकडे आवाजच नाही. मला वाटलं लाइन गेली.

"आई?"

"हाय, हाय. मोठा करून बघतीय."

चष्मा कपाटावर ठेवते ती, तो आणायला उठली असेल. मी थांबलो. या वेळी ऊन, सावली असलं काही समजावायला सुचेना.

मग म्हणाली, "बारीक झालायस रं."

ती विचारत राहिली, हळद कुणी लावली, शेजारची बाई कोण, शर्ट मागच्या वर्षी तिनं घेतलेला तोच ना, एवढं हसायला काय झालं होतं. मी सगळं सांगत गेलो. मंगलाष्टकं, ते जयपूर-हुरहूर, साळुंखे, सगळं. तिनं जेवलास का, ते विचारलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी जेवलो नव्हतो.

पोळ्या टाकल्या. उद्या ऑफिसात सुटीचा अर्ज देतो. संक्रांतीला कराड.